सर हंफ्री डेव्ही व त्याचा अभयदीप

अग्नि हा मनुष्याचा अत्यंत उपकारक सेवक आहे, आणि तोच प्रसंगीं त्याचा अत्यंत निर्दय शत्रु होतो, हें आपण सर्व जाणतों. ज्वाळा दिसूं लागल्या म्हणजे मनुष्य पाणी आणतो, आरोळी देतो, अथवा पळून जाऊन जीव वांचवितो. परंतु कांहीं आगी अशा असतात कीं, त्यांची पूर्वतयारी डोळ्यांना दिसत नाहीं, कानांना ऐकूं येत नाहीं व पुष्कळदां नाकालाहि कळत नाहीं. ज्वालाग्राही वायु गुपचूप कोंडत जातो, हवेंत मिसळतो, आणि एखादी ठिणगी पडतांच क्षणार्धांत सारें उद्ध्वस्त होतें. अशा वेळीं आग लागल्यावर धांवून येणारा मदतनीस उपयोगीं पडत नाहीं. आग लागण्यापूर्वींच सावध करणारा साक्षीदार पाहिजे असतो. कारखान्यांत, तेलशुद्धीच्या ठिकाणीं, मोठ्या इमारतींच्या तळघरांत आणि कित्येक घरांच्या स्वयंपाकघरांतहि भिंतीवर बसविलेलीं लहानशीं यंत्रें आज हें काम करितात. ह्या यंत्रांच्या पूर्वजांपैकीं अत्यंत प्रसिद्ध असा पूर्वज म्हणजे दोनशें वर्षांपूर्वींचा एक साधा दिवा होय. तो दिवा ज्यानें निर्माण केला, त्या सर हंफ्री डेव्हीचें चरित्र आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला कॉर्नवॉल नांवाचा परगणा आहे. तेथील भूमींतून पुरातन काळापासून कथील व तांबें काढीत आले आहेत. ह्या परगण्यांतील पेंझन्स नांवाच्या समुद्रकांठच्या गांवीं १७ डिसेंबर १७७८ रोजीं हंफ्रीचा जन्म झाला. त्याचा बाप रॉबर्ट डेव्ही हा लांकडावर नक्षी कोरणारा कारागीर होता. पांच भावंडांत हंफ्री सर्वांत वडील. शाळेंत त्यानें फारसा नांवलौकिक मिळविला नाहीं. परंतु सवंगड्यांना गोष्टी सांगून रमविणें, गळ टाकून मासे धरणें आणि हातांत येईल त्या पदार्थांचे प्रयोग करून पाहणें ह्यांत तो सदैव गढलेला असे. १७९४ सालीं बाप वारला आणि घरावर कर्जाचा बोजा पडला. आईनें धीर न सोडतां टोप्यांचें व वस्त्रांचें लहानसें दुकान चालवून मुलांचा सांभाळ केला. पुढील वर्षीं हंफ्रीला बोर्लेस नांवाच्या एका शस्त्रवैद्याकडे उमेदवार म्हणून ठेवण्यांत आलें.

ही उमेदवारीच त्याची खरी शाळा ठरली. काय काय शिकावयाचें ह्याची एक लांबलचक यादी त्यानें आपल्या वहींत लिहून ठेविली, आणि तो एकेक विषय स्वतःच्या बळावर शिकूं लागला. १७९७ सालीं फ्रेंच पंडित लाव्हाझिए ह्याचा रसायनशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या हातीं पडला, आणि तेव्हांपासून रसायनशास्त्र हेंच त्याचें आयुष्य झालें. उपकरणें विकत घेण्यास पैसा नव्हता. त्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्या एका फ्रेंच वैद्यानें दिलेल्या हत्यारांच्या पेटींतील पिचकारीचा त्यानें हवा ओढण्याचा पंप बनविला, असें त्याच्या चरित्रकारांनीं नमूद केलें आहे. साधनांच्या अभावाची सबब सांगून अभ्यास टाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं ही पिचकारी लक्षांत ठेवावी.

१७९८ सालीं, अवघ्या एकोणिसाव्या वर्षीं, तो ब्रिस्टल शहरीं डॉक्टर बेडोज ह्यांच्या संस्थेंत दाखल झाला. निरनिराळे वायु हुंगवून रोग बरे करितां येतील काय, ह्याचा शोध त्या संस्थेंत चालत असे. डेव्ही हे वायु प्रथम स्वतः हुंगून पाही. नायट्रस ऑक्साइड म्हणजे ज्याला लोक हसविणारा वायु म्हणतात, त्याचे गुण त्यानें १७९९ सालीं बारकाईनें तपासले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळीं वेदना कमी करण्यास हा वायु उपयोगीं पडेल अशी सूचना १८०० सालच्या आपल्या ग्रंथांत केली. ती सूचना वैद्यांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ तशीच पडूं दिली. एकदां त्यानें कार्बन मोनॉक्साइड असलेला विषारी वायु हुंगला, आणि तो मृत्यूच्या दारांतून कसाबसा परत आला. असें साहस कोणीहि अनुकरण करण्याजोगें नाहीं. परंतु न दिसणारी हवा मनुष्याचा जीव कसा घेते, हें ह्या तरुणाला पुस्तकांतून नव्हे तर स्वतःच्या श्वासांतून कळलें होतें, एवढें ध्यानांत घेण्यासारखें आहे.

१८०१ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेनें त्याला बोलाविलें. तेथें त्याचीं व्याख्यानें ऐकण्यास इतकी गर्दी लोटे कीं, रस्त्यांत गाड्यांची दाटी होत असे. विजेचा प्रवाह वितळलेल्या क्षारांतून सोडून त्यानें १८०७ सालीं पोटॅशियम व सोडियम हे धातु प्रथमच वेगळे काढिले. पुढील वर्षीं कॅल्शियम, बेरियम, स्ट्राँशियम व मॅग्नेशियम ह्यांचा शोध लागला. क्लोरिन हें संयुग नसून मूलतत्त्व आहे, हेंहि त्यानेंच ठरविलें. १८१२ सालीं त्याला सर ही पदवी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस एका स्फोटक पदार्थाचा प्रयोग करितांना त्याच्या डोळ्यांस इजा झाली. लिहिण्यास मदतनीस पाहिजे होता, आणि त्या निमित्तानें मायकेल फॅरडे नांवाचा एक पुस्तकबांधणीचें काम शिकलेला गरीब तरुण त्याच्याजवळ आला. १८१३ च्या मार्च महिन्यांत फॅरडेला प्रयोगशाळेंत कायमची जागा मिळाली. हाच फॅरडे पुढें विद्युच्छास्त्राचा महर्षि ठरला.

आतां ज्या कार्यामुळें डेव्हीचें नांव पंडितांच्या सभेंतून मजुरांच्या झोंपडींत पोहोंचलें, त्याकडे वळूं.

त्या काळीं इंग्लंडांत वाफेचीं यंत्रें वाढत होतीं, आणि त्यांची भूक भागविण्यासाठीं कोळशाच्या खाणी अधिकाधिक खोल जात होत्या. कोळशाच्या थरांत मिथेन नांवाचा वायु कोंडलेला असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. कोळसा फोडतांच तो भेगांतून बाहेर पडतो, आणि हवेहून हलका असल्यामुळें छताशीं सांचतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा सुमारें ५ पासून १५ पर्यंत असलें म्हणजे एक ठिणगी स्फोटास पुरेशी होते. आणि खाणींत तर गडद अंधार! मजुराला काम करावयाचें तर दिवा पाहिजे, आणि दिवा म्हणजे उघडी ज्योत. ज्या वस्तूवांचून काम होत नाहीं, तीच वस्तु जीव घेणारी, असा हा पेंच होता. कांहीं खाणींत पोलादाचें चाक गारगोटीवर फिरवून त्याच्या ठिणग्यांच्या उजेडांत काम करीत; परंतु तींहि निर्धोक नव्हतीं. ही युक्ति काढणारा कार्लाइल स्पेडिंग स्वतः १७५५ सालीं खाणींतील स्फोटांतच मरण पावला.

२५ मे १८१२ रोजीं डरहॅम परगण्यांतील फेलिंग येथील खाणींत भयंकर स्फोट झाला. ९२ जीव गेले. त्यांत पुष्कळ लहान मुलगे होते. आंतील आग विझावी म्हणून खाणीचीं तोंडें कित्येक आठवडे बंद ठेवावीं लागलीं, आणि बाहेर उभ्या असलेल्या आयांना व पत्नींना आपल्या माणसांचीं प्रेतेंहि तोंवर दिसलीं नाहींत. त्या गांवचे धर्मोपदेशक रेव्हरंड जॉन हॉजसन ह्यांना इतके देह एकदम पुरावे लागले. अशा अपघातांची वार्ता बाहेर पसरूं नये, असें खाणमालकांना वाटे. हॉजसन ह्यांनीं मात्र सर्व हकीकत मृतांच्या नांवांसह छापून प्रसिद्ध केली. त्यांतून लोकमत जागें झालें, आणि १८१३ च्या आक्टोबरांत संडरलंड येथें खाणींतील अपघात टाळण्यासाठीं एक मंडळी स्थापन झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फेलिंगच्या त्याच खाणींत पुन्हां स्फोट होऊन आणखी माणसें दगावलीं. ह्या मंडळीच्या वतीनें १८१५ सालीं डेव्हीकडे विनंति गेली.

डेव्ही त्या वेळीं युरोपच्या दीर्घ प्रवासाहून नुकताच परतला होता. तो कीर्तीच्या शिखरावर होता, आणि खाणमजुरांच्या दुःखाशीं त्याचा कांहींएक संबंध नव्हता. तरी तो ऑगस्ट महिन्यांत न्यूकॅसलकडे गेला. तेथें जॉन बडल ह्या अनुभवी खाण-व्यवस्थापकाला भेटून त्यानें सर्व माहिती विचारून घेतली. हॉजसन ह्यांनीं हेबर्न खाणींतील वायु बाटल्यांत भरून त्याच्याकडे लंडनला पाठविला. प्रयोगशाळेंत फॅरडे मदतीस होता.

येथें डेव्हीची विचार करण्याची पद्धति पाहण्यासारखी आहे. त्यानें एकदम दिवा बनवावयास घेतला नाहीं. आधीं शत्रूचा स्वभाव जाणून घेतला. किती हवेंत किती वायु मिसळला असतां स्फोट होतो, हें त्यानें मोजलें, आणि सात-आठ भाग हवेंत एक भाग वायु असतां स्फोट अति जोराचा होतो असें त्याला आढळलें. हा वायु पेटण्यास इतर ज्वालाग्राही वायूंपेक्षां अधिक उष्णता लागते, हेंहि त्याला दिसून आलें. मग त्यानें धातूच्या अरुंद नळींतून ज्योत पुढें सरकते कीं नाहीं हें पाहिलें. नळी पुरेशी बारीक असली तर ज्योत पलीकडे जात नसे. कारण काय? धातु उष्णता झपाट्यानें शोषून घेतो. त्यामुळें ज्योत थंड पडते, आणि पलीकडचा वायु पेटण्याइतकी उष्णता तिच्यांत उरत नाहीं. बारीक तारांची विणलेली जाळी ही तरी काय आहे? एकमेकींस लागून ठेवलेल्या असंख्य आंखूड नळ्यांचा समूहच! एका चौरस इंचांत ७८४ छिद्रें असलेली जाळी दिव्याभोंवतीं बसविली म्हणजे हवा व वायु आंत जातील, उजेड बाहेर येईल, परंतु ज्योत बाहेर पडणार नाहीं. आगीला पिंजऱ्यांत कोंडण्याची ही युक्ति ऐकावयास किती सोपी! पण ती सांपडेपर्यंत किती घरें उजाड झालीं होतीं!

आपल्या प्रयोगांचा पहिला निबंध त्यानें ९ नोव्हेंबर १८१५ रोजीं रॉयल सोसायटीपुढें वाचला, आणि जाळीचा दिवा वर्ष संपण्याच्या सुमारास सिद्ध झाला. ९ जानेवारी १८१६ रोजीं हेबर्न खाणींत त्याची परीक्षा घेण्यांत आली. तो दिवा हातीं घेऊन खाणींत उतरणारांत हॉजसन स्वतः होते. खालीं एकटा काम करीत असलेला एक मजूर त्यांच्या हातांतील उजेड पाहून घाबरला, आणि दिवा विझविण्यासाठीं ओरडूं लागला, असें सांगतात. वायूनें भरलेल्या जागेंत जळती ज्योत येत आहे, म्हणजे मृत्यूच येत आहे, असें त्यास वाटलें, ह्यांत नवल नाहीं. परंतु दिवा त्याच्या जवळ आला, आणि स्फोट झाला नाहीं. ज्यानें त्या गांवचे मृतदेह पुरले होते, त्यानेंच हा दिवा आंत नेला, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

हा दिवा केवळ उजेड देणारा नव्हता, तो बोलणाराहि होता. हवेंत मिथेन मिसळूं लागला म्हणजे ज्योतीच्या माथ्यावर फिकट निळ्या रंगाची टोपी दिसूं लागे. वात बारीक करून ती टोपी पाहत, आणि तिच्या उंचीवरून वायूचें प्रमाण शेंकडा किती, ह्याचा अंदाज जाणता मनुष्य करी. प्रमाण वाढून धोक्याच्या मर्यादेस पोहोंचलें, तर संपूर्ण जाळी निळ्या ज्वाळेनें भरून जाई. उलट हवेंतील प्राणवायु कमी झाला, तर ज्योत मंद होऊन विझे, आणि मजूर वेळींच माघारा फिरे. हलका वायु शोधण्यासाठीं दिवा छताशीं धरावा आणि जड वायु शोधण्यासाठीं जमिनीशीं न्यावा, हें शिक्षण खाणींतील देखरेख करणारांना मिळूं लागलें. अशा रीतीनें अदृश्य शत्रूचें माप घेणारें एक साधन मजुराच्या हातीं आलें. ज्योतीचे दिवे पुढें अनेक देशांतील खाणींत शंभर वर्षांहून अधिक काळ ह्याच कामीं वापरले गेले.

बडलनें डेव्हीला सुचविलें होतें कीं, ह्या दिव्याचा हक्क राखून ठेवल्यास वर्षास हजारों पौंडांची प्राप्ति होईल. डेव्हीनें तें साफ नाकारिलें. मजुरांचे प्राण वांचावे ह्यासाठीं केलेल्या शोधावर कर बसविणें त्याला योग्य वाटलें नाहीं. १८१७ सालीं खाणमालकांनीं कृतज्ञतेनें त्याला चांदीचीं मौल्यवान् भांडीं अर्पण केलीं. तीं भांडीं पुढें त्याच्या इच्छेप्रमाणें रॉयल सोसायटीकडे आलीं, आणि त्यांच्या पैशांतून रसायनशास्त्रांतील उत्तम शोधासाठीं डेव्ही पदक सुरू झालें. १८७७ सालीं तें प्रथम बन्सेन व किर्कहॉफ ह्या दोघां शास्त्रज्ञांना मिळालें.

परंतु चरित्र लिहितांना केवळ उजळ बाजूच दाखविणें हें सत्याला सोडून होईल. ह्याच सुमारास किलिंगवर्थ खाणीवरील यंत्रांची देखभाल करणारा जॉर्ज स्टीफनसन, जो पुढें आगगाडीच्या इंजिनामुळें जगप्रसिद्ध झाला, त्यानेंहि स्वतंत्रपणें एक सुरक्षित दिवा बनविला होता, आणि १८१५ च्या आक्टोबरांत तो खाणींत नेऊन स्वतःच्या जिवावर त्याची परीक्षा घेतली होती. संडरलंडच्या डॉक्टर क्लॅनी ह्यांनीं तर त्याच्याहि आधीं, १८१३ सालीं, एक दिवा तयार केला होता. परंतु तो वापरण्यास अवजड होता. शाळेचें तोंड न पाहिलेल्या एका यंत्रकाराला असा शोध लागूं शकेल, हें डेव्हीला कधींच पटलें नाहीं. स्टीफनसननें आपली कल्पना चोरली असाच त्याचा आग्रह राहिला. ज्याचा बाप स्वतः कारागीर होता, जो स्वतः पिचकारीचा पंप करून शिकला, त्यानें दुसऱ्या एका कष्टाळू कारागिराविषयीं इतका अनुदारपणा दाखवावा, हें वाचून आम्हांस खेद होतो. त्या भागांतील लोकांनीं स्टीफनसनलाहि एक हजार पौंड देऊन त्याचा गौरव केला. आज दोघांचेंहि श्रेय जग मान्य करितें.

दुसरी गोष्ट ह्याहून गंभीर आहे. दिवा आला, तरी स्फोट थांबले नाहींत. १८३५ सालीं पार्लमेंटच्या समितीनें चौकशी केली, तेव्हां डरहॅम व नॉर्थंबरलंड परगण्यांत दिव्यापूर्वींच्या अठरा वर्षांपेक्षां दिव्यानंतरच्या अठरा वर्षांत अधिक माणसें मेलीं असें आढळलें. असें कां व्हावें? कोळशाचा उपसा वाढला होता, हें एक कारण. परंतु त्याहून मोठें कारण मनुष्यस्वभावांत होतें. दिवा हातीं आहे म्हणून मालकांनीं पूर्वीं सोडून दिलेल्या धोकेबाज जागींहि माणसें उतरविलीं, आणि हवा खेळविण्याच्या खर्चांत काटकसर केली. जाळीमुळें उजेड अंधुक पडे, म्हणून कांहीं मजूर ती उघडून काम करीत. जाळी गंजे, फाटे. वाऱ्याचा जोराचा झोत आला तर ज्योत जाळीबाहेर फेंकली जाई. साक्षीदार खरा होता. पण त्याची साक्ष ऐकण्याऐवजीं लोकांनीं त्याला ढाल समजून पुढें केलें. रक्षणाच्या साधनानें सावधपणा वाढावा, तो उलट कमी झाला.

हें अपुरें राहिलेलें काम पुढील पिढ्यांनीं हातीं घेतलें. २८ सप्टेंबर १८४४ रोजीं हॅसवेल खाणींत ९५ माणसें व मुलें मेलीं, तेव्हां चौकशीसाठीं फॅरडे व भूगर्भशास्त्रज्ञ लायल ह्यांना पाठविण्यांत आलें. केवळ वायूच नव्हे, तर हवेंत उडालेली कोळशाची बारीक धूळहि स्फोट पसरविते, हें त्यांनीं आपल्या अहवालांत दाखविलें. त्या चौकशीच्या वेळीं फॅरडेनें बंदुकीची दारू कोठें ठेवितात असें विचारलें, तेव्हां तो ज्या पोत्यावर बसला होता तींतच ती आहे असें त्यास कळलें, आणि जवळ मेणबत्ती जळत होती! धोक्याशीं रोजचा सहवास झाला म्हणजे माणसाची भीति कशी मरते, ह्याचें ह्याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

स्फोटानंतर खाणींत कार्बन मोनॉक्साइड पसरतो. त्याच्या मारक प्रमाणाची वर्दी ज्योतीला देतां येत नाहीं. जॉन स्कॉट हाल्डेन ह्या शास्त्रज्ञानें १८९६ सालच्या आपल्या अहवालांत दाखवून दिलें कीं, स्फोटांत मेलेल्या मजुरांपैकीं बहुतेकांचा जीव आगीनें नव्हे, तर ह्या वायूनें घेतला होता. त्याच्या सूचनेवरून कॅनरी पक्षी खाणींत नेऊं लागले. पक्ष्याचा श्वास वेगाचा, म्हणून विषाचा परिणाम त्याच्यावर माणसाच्या आधीं दिसे. तो पडला कीं माणसें बाहेर पळत. ब्रिटनमधील खाणींतून ह्या पक्ष्यांना रजा देण्याचा निर्णय १९८६ सालीं झाला, आणि त्यांची जागा विजेच्या यंत्रांनीं घेतली.

आतां एक आश्चर्याची गोष्ट सांगतों. दिव्यावर अधिक प्रयोग करीत असतां डेव्हीला असें दिसलें कीं, तापविलेली प्लॅटिनमची तार ज्वालाग्राही वायूच्या मिश्रणांत धरिली, तर ज्योत नसतांहि ती लाल तापून राहते. वायु तारेच्या पृष्ठभागावर ज्वाळेवांचून जळत असतो. ही गोष्ट त्यानें १८१७ सालीं प्रसिद्ध केली. हेंच तत्त्व विसाव्या शतकांत वायु ओळखणाऱ्या यंत्रांचा पाया झालें. यंत्राच्या आंत प्लॅटिनमच्या तारेवर बसविलेले दोन इवलेसे मणी असतात. एकावर वायु जाळणारा लेप असतो, दुसऱ्यावर नसतो. हवेंत वायु आला कीं पहिला मणी अधिक तापतो. तापलेल्या तारेचा विजेला होणारा विरोध वाढतो. दोहोंतील फरक यंत्र मोजतें आणि घंटा वाजवितें. कारखान्यांत ही घंटा बहुधा स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या पांचव्या हिश्शाच्या आसपास लाविलेली असते. मिथेन शेंकडा ५ झाला तर स्फोट होऊं शकतो. म्हणून तो शेंकडा १ च्या घरांत आला असतांच इशारा मिळतो, पंखे सुरू होतात, झडपा बंद होतात व माणसें बाहेर पडतात. आग विझविणारे बंब येण्याच्या कितीतरी आधीं, आग लागूंच नये ह्याची तजवीज होते. कांहीं यंत्रें डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनीं मिथेन ओळखतात. कार्बन मोनॉक्साइडसाठीं निराळीं यंत्रें असतात. आपल्या चंद्रपूर व वणीकडील कोळशाच्या खाणींतहि मिथेन मोजल्यावांचून काम चालविणें नियमबाह्य आहे.

परंतु डेव्हीच्या दिव्याची जाळी जशी गंजे, तसे हे मणीहि निकामी होतात. सिलिकोनच्या वाफा लागल्या तर लेप मरतो, आणि यंत्र वरून धडधाकट दिसत असूनहि आंतून मुकें होतें. म्हणून ठराविक मुदतीनें खरा वायु सोडून त्याची परीक्षा घ्यावी लागते. जें यंत्र कधीं तपासलें नाहीं, त्याच्या स्वस्थतेवर विसंबणें म्हणजे फाटक्या जाळीचा दिवा घेऊन खाणींत उतरण्यासारखेंच आहे.

पालकांसाठीं येथें चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. घरांतील सिलिंडरचा वायु हवेहून जड असतो; तो गळला तर जमिनीशीं सांचतो, म्हणून त्याचें सूचक यंत्र खालीं, जमिनीजवळ बसवावें. नळानें येणारा वायु हा मुख्यतः मिथेनच असल्यामुळें वर चढतो. त्याचें यंत्र छताजवळ पाहिजे. हे वायु स्वभावतः जवळजवळ वासहीन असतात. आपल्याला येणारा उग्र दर्प हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो. तो दर्प येतांच विजेचें एकहि बटण दाबूं नये, लाविलेलें बंद करूं नये व बंद असलेलें लावूं नये; काडी ओढूं नये; वायूची तोटी बंद करावी, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांना बाहेर काढावें, आणि बाहेर गेल्यावरच मदतीसाठीं फोन करावा. दार-खिडकी बंद केलेल्या खोलींत कोळशाची शेगडी पेटवून निजूं नये, आणि हवा खेळत नसलेल्या न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावूं नये. कारण तेथें जन्मणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला कसलाहि वास नसतो, आणि झोंपलेला मनुष्य त्यांतून जागा होत नाहीं.

डेव्हीचें उत्तर आयुष्य फारसें सुखाचें गेलें नाहीं. १८१८ सालीं त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली, आणि १८२० सालीं तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पण मानाबरोबर त्याचा मानीपणाहि वाढला. १८२४ सालीं फॅरडेला त्या संस्थेचा सभासद करण्यास त्यानें विरोध केला. सभासदांनीं मात्र फॅरडेला निवडून दिलें, आणि फॅरडेनें आपल्या गुरूविषयींचा आदर शेवटपर्यंत सोडला नाहीं. पुढें अर्धांगवायूच्या झटक्यानें डेव्हीची प्रकृति ढासळली. १८२७ सालीं त्यानें अध्यक्षपद सोडलें, आणि २९ मे १८२९ रोजीं जिनीव्हा येथें, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षीं, तो वारला. तेथेंच त्याचें दफन झालें.

पेंझन्सच्या बाजारपेठेंत त्याचा पुतळा उभा आहे. त्यानें धातु शोधले, मोठमोठीं पदें भूषविलीं, राजेरजवाड्यांचा सन्मान मिळविला. परंतु गांवकऱ्यांनीं पुतळ्याच्या हातीं ह्यांपैकीं कशाचेंहि चिन्ह न देतां खाणमजुराचा तो लहानसा दिवाच दिला आहे. ब्रिटनमधील शेवटची खोल कोळशाची खाण २०१५ सालीं बंद झाली, तरी ह्या दिव्याची शिकवण संपलेली नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यांपैकीं कोणी उद्यां अभियंता होईल, कोणी कारखान्याचा व्यवस्थापक, कोणी घराचा कर्ता अथवा गृहिणी. धोक्याची सूचना देणारें साधन तुमच्या हातीं येईल. तें जपून ठेवा, वेळच्या वेळीं तपासा, आणि तें बोलूं लागलें म्हणजे हातांतलें काम कितीहि मोलाचें असलें तरी तें टाकून त्याचें ऐका. साधन इशारा देतें. प्राण वांचवितो तो इशारा मानणारा मनुष्यच.